बेल्जममधील घंटामनोऱ्यांचीं शहरें

युरोपच्या नकाशावर बेल्जम शोधावयाचें म्हणजे बोट जपून ठेवावें लागतें. बोट जरा जाड असेल तर सबंध देश त्याखालीं झांकून जातो. साडेतीस हजार चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक क्षेत्रफळ, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा केवळ दहावा हिस्सा. स्वतंत्र राष्ट्र म्हणून त्याचा जन्म १८३० सालचा. तत्पूर्वीं ह्या भूमीवर बर्गंडीचे ड्यूक, स्पेनचे राजे, ऑस्ट्रियाचें हॅब्सबर्ग घराणें, फ्रेंच आणि डच असे एकामागून एक धनी होऊन गेले. परंतु ज्या शहरांविषयीं मी येथें लिहिणार आहें, त्यांचें वय ह्या राष्ट्राच्या वयाच्या चौपट-पांचपट आहे. राष्ट्र तान्हें आणि शहरें वडीलधारीं, असा हा उलटा संसार! राज्यें बदललीं तरी शहरें जागेवर राहिलीं. आणि तीं जागेवर कशीं राहिलीं, ह्याचें उत्तर प्रत्येक ठिकाणीं निराळें मिळतें. कांहीं ठिकाणीं तें अभिमानास्पद आहे, कांहीं ठिकाणीं मुळींच नाहीं.

आपल्याकडे जुन्या शहराच्या मध्यभागीं देऊळ असतें, वाडा असतो किंवा किल्ला असतो. फ्लँडर्स प्रांतांतील शहरांत चौकावर उभा असतो तो घंटामनोरा. आणि तो राजाचा नव्हे, धर्मपीठाचाहि नव्हे, तर नगरवासीयांचा. इंग्लंडची लोंकर आणून तिचें उंची कापड विणावें व तें सबंध युरोपास विकावें, ह्या धंद्यावर बाराव्या-तेराव्या शतकांत हीं शहरें गबर झालीं. मग आपला न्याय आपण करण्याचे, आपला बाजार आपण चालविण्याचे हक्क त्यांनीं सरदारांकडून कधीं पैसा देऊन, कधीं दांडगाई करून मिळविले. त्या हक्कांच्या सनदा मनोऱ्यांतील भक्कम कोठींत लोखंडी दारांआड ठेवलेल्या असत. वरच्या घंटा काम सुरू झाल्याचें, वेस मिटल्याचें, आग लागल्याचें आणि प्रसंगीं बंड पुकारल्याचें सांगत. मनोऱ्याच्या पोटांत हक्क आणि डोक्यावर हांक, असें त्याचें सोपें वर्णन करतां येईल.

प्रवास बहुधा ब्रुसेल्सपासून सुरू होतो. तेथें फार दिवस रेंगाळूं नये असें माझें मत आहे. राजधानीला असते तेवढी धांदल तेथेंहि आहे. मात्र तेथील भव्य चौक पाहिल्याविना पुढें जाऊं नये. सोनेरी नक्षीच्या त्या उंच इमारती निरनिराळ्या धंद्यांच्या श्रेणींच्या आहेत. १६९५ सालीं चौदाव्या लुईच्या फौजेनें तोफांचा भडिमार करून हा चौक जवळजवळ जमीनदोस्त केला होता. आणि राजाकडे तोंड न वेंगाडतां त्या श्रेणींनीं तो सुमारें पांच वर्षांत पुन्हां उभारला. जुनें पडलें कीं तेथेंच, तसेंच पुन्हां बांधावयाचें, ही ह्या लोकांची खोड तेव्हांपासूनची आहे. तिची खरी परीक्षा पुढें विसाव्या शतकांत झाली.

देश लहान असल्यामुळें मुक्काम एकाच ठिकाणीं ठेवून आगगाडीनें सर्वत्र जाऊन संध्याकाळीं परततां येतें. युरोप खंडावरील पहिली उतारूंची आगगाडी ब्रुसेल्स ते मेख्लेन अशी ह्याच देशांत १८३५ सालीं धांवली. आम्हीं मुक्काम घेंटला ठेवला, आणि इतरांसहि तोच सल्ला देईन. शाकाहारी मंडळींसाठीं आणखी एक कारण आहे. घेंट शहरानें २००९ सालीं गुरुवार हा शाकाहाराचा वार ठरविला, त्यामुळें तेथें निदान आपली अडचण समजते. एरवीं बेल्जममध्यें रस्त्यारस्त्यावर बटाट्याच्या तळलेल्या फोडी कागदी पुड्यांतून मिळतात. पण त्या तळण्यासाठीं परंपरेनें गाईबैलांची चरबी वापरतात, हें हातांत पुडा घेण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

आतां ब्रूज. हें शहर पाहून जो मोहित होत नाहीं असा प्रवासी विरळाच. कालव्यांच्या कांठांनीं विटांचीं उभ्या छपरांचीं घरें, लहान कमानी पूल, पाण्यांत हंस, आणि ह्या सर्वांवर त्र्याऐंशीं मीटर उंचीचा घंटामनोरा. त्याच्या ३६६ पायऱ्या चढतांना वाट इतकी अरुंद होत जाते कीं उतरणारा भेटला म्हणजे दोघांनींहि श्वास आंत ओढावा लागतो. वर सत्तेचाळीस घंटांचें वाद्य आहे. त्याचे स्वर चौकावर पडूं लागले म्हणजे खालचा गलबला आपोआप मंदावतो.

ब्रूजचें दैव लिहिलें पाण्यानें आणि पुसलेंहि पाण्यानेंच. ११३४ सालच्या एका वादळानें किनारा फोडून समुद्राची एक जीभ आंत शिरली. ही झ्वीनची खाडी. तिच्या आधारें शहरापर्यंत व्यापार पोहोंचला. जर्मन हान्सा संघाचे, व्हेनिसचे, जिनोआचे, स्पेनचे व्यापारी येथें पेढ्या घालून बसले. व्हान डेर बुर्स नांवाच्या कुटुंबाच्या सराईपुढें त्यांचे सौदे होत. पॅरिसचे लोक शेअरबाजारास आजहि ‘बूर्स’ म्हणतात त्याचें मूळ तेथें सांगतात. परंतु खाडी गाळानें भरूं लागली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मोठीं जहाजें येईनाशीं झालीं. त्यांतच १४८८ सालीं नागरिकांनीं आपला अधिपति मॅक्सिमिलियन यालाच चौकांतील एका घरांत कोंडून ठेवलें आणि त्याचा कारभारी पीटर लान्खाल्स याचा शिरच्छेद केला. सुटका झाल्यावर त्यानें परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पची वाट दाखविली. लान्खाल्स म्हणजे लांब मान. म्हणून ह्या शहरानें लांब मानेचे हंस निरंतर पाळावे अशी शिक्षा मॅक्सिमिलियननें दिली, अशी दंतकथा आहे. दंतकथा खरी असो वा नसो, हंस आहेत.

त्यानंतर ब्रूज निजलें तें जवळजवळ चारशें वर्षें. एकोणिसाव्या शतकांत तें देशांतील अत्यंत दरिद्री शहरांपैकीं होतें. बायका-मुली अंधाऱ्या खोल्यांतून दिवसभर लेस विणीत आणि तिच्यावर पोट भरीत. आज आपण ज्या जुनेपणाची तारीफ करतों तो ह्या दारिद्र्याचा प्रसाद आहे. नवें बांधण्यास पैसा नव्हता, म्हणून जुनें पाडलें गेलें नाहीं! पुढें इंग्रज प्रवासी येऊं लागले, तेव्हां शहाण्या लोकांनीं ओळखलें कीं हें दारिद्र्यच आपलें भांडवल आहे. आणि त्यांनीं दर्शनी भिंती मध्ययुगीन थाटांत नीटनेटक्या करून घेतल्या. म्हणजे ब्रूजमधील ‘मध्ययुगा’चा बराचसा मुलामा एकोणिसाव्या शतकांतील आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. १८९२ सालीं झॉर्झ रोदेनबाख ह्या लेखकानें ह्या शहराला मृत म्हणणारी कादंबरी लिहिली. तिनें ब्रूजचें नांव सर्वत्र झालें, पण गांवकरी रागावले. त्यांचें म्हणणें साधें होतें: आम्ही मेलों नाहीं, आम्हांला बंदर पाहिजे. तें बंदर, झेब्रूज, १९०७ सालीं झालें. प्रवाशाला मेलेलें शहर सुंदर वाटतें. त्यांत राहणाराला तसें वाटण्याचें कारण नाहीं. माझा कौल गांवकऱ्यांच्या बाजूनें आहे.

ब्रूजमध्यें कलेचा सांठा मोठा आहे. मायकेल-अँजेलोची संगमरवरी माता व बालक फ्रेंचांनीं १७९४ सालीं आणि जर्मनांनीं १९४४ सालीं पळवून नेली, ती दोन्ही खेपा परत आली. परंतु मला सर्वांत अधिक वेळ खिळवून ठेवलें तें बेगीन स्त्रियांच्या आवारानें. १२४५ सालीं स्थापन झालेली ही वस्ती भिंतीच्या आंत, उंच झाडांभोंवतीं पांढऱ्या घरांची आहे. येथें विधवा आणि अविवाहित स्त्रिया एकत्र राहत. त्या जोगिणी नव्हत्या. आजन्म व्रत त्यांना नव्हतें. स्वतःची मिळकत ठेवावी, लोंकर विंचरून वा शिकवून पोट भरावें, प्रार्थना करावी आणि इच्छा झाल्यास बाहेर पडून लग्नहि करावें. ज्या काळांत पुरुषाचें घर किंवा मठ ह्यांवांचून स्त्रीला तिसरा निवारा नव्हता, त्या काळांत दाराची किल्ली तिच्या हातीं देणारी ही तिसरी जागा निघाली. आपल्या घराघरांतून माजघराच्या कोपऱ्यांत ज्यांचीं आयुष्यें गेलीं, त्या आत्या-मावश्यांची आठवण तेथें मला झाल्यावांचून राहिली नाहीं. आतां त्या आवारांत १९२७ पासून बेनेडिक्टाइन पंथाच्या जोगिणी राहतात. शेवटची बेगीन कोर्त्राइक गांवीं २०१३ सालीं निवर्तली, आणि आठशें वर्षांची ती परंपरा संपली.

ब्रूज जर हळुवार, तर घेंट रांगडें. लेइ आणि शेल्ट ह्या नद्यांच्या संगमावरील हें शहर चौदाव्या शतकांत आल्प्सच्या उत्तरेस पॅरिसच्या खालोखाल मोठें गणलें जाई. येथील विणकर म्हणजे राजांच्या डोक्याला कायमचा ताप. सम्राट पांचवा चार्ल्स, ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नसे, तो येथेंच १५०० सालीं जन्मला. त्याच्या लढायांसाठीं कर देण्याचें त्याच्याच जन्मगांवानें १५३९ सालीं साफ नाकारलें. दुसऱ्या वर्षीं तो सैन्य घेऊन आला. शहराचे हक्क त्यानें काढून घेतले, मनोऱ्यावरील रोलांत नांवाची घंटा उतरविण्याचा हुकूम दिला, आणि नगरांतील प्रतिष्ठितांना व विणकरांना अनवाणी, गळ्यांत फांसाचा दोर घालून आपल्यापुढें क्षमा मागावयास लावली. घेंटच्या लोकांनीं हा अपमान लपविला नाहीं. ते आजहि स्वतःला ‘दोरवाले’ म्हणवून घेतात, आणि जुलैच्या उत्सवांत पांढरे अंगरखे घालून व गळ्यांत दोर अडकवून मिरवणुकीनें निघतात. धन्यानें दिलेली शिवी पदवीसारखी मिरवावी, हें धाडस थोड्यांच्याच ठायीं असतें.

घेंट ब्रूजसारखें निजलें नाहीं. तेथील ११८० सालचा सरदारांचा किल्ला एकोणिसाव्या शतकांत चक्क सुताची गिरणी झाला होता! इंग्लंडमधून सूतकताईचें यंत्र चोरून आणणारा लीव्हेन बौवेन्स हा इथलाच. त्याचा पुतळा शहरांत आहे. १८२७ सालीं कालवा खणून घेंटनें समुद्र पुन्हां जोडून घेतला. त्यामुळें येथें जुनें आणि काजळलेलें शेजारीं शेजारीं नांदतात, आणि विद्यापीठाचीं पोरें जुन्या धक्क्यांवर पाय सोडून बसतात. सेंट बाव्होच्या चर्चमध्यें व्हान आइक बंधूंचें १४३२ सालीं पूर्ण झालेलें अनेक फळ्यांचें चित्र आहे. त्यांतील गवताचें पातें न् पातें, रत्न न् रत्न रंगविलेलें आहे. भिंगावांचून हें कसें साधलें असेल असें वाटतें. फ्रेंच अमलाच्या काळीं त्याच्या कांहीं फळ्या पॅरिसला गेल्या, कांहीं प्रशियाला विकल्या गेल्या, दुसऱ्या महायुद्धांत नाझींनीं तें सबंध नेऊन ऑस्ट्रियांतील मिठाच्या खाणींत ठेवलें. सर्व परत आलें. मात्र १९३४ सालच्या एप्रिलमध्यें रात्रीं चोरीस गेलेली न्यायाधीशांची एक फळी आजतागायत सांपडलेली नाहीं. तिच्या जागीं नक्कल बसविली आहे.

अँटवर्पला पोहोंचल्यावर नदी प्रथम पाहावी. शेल्टचें तें रुंद, मळकट पाणी म्हणजेच हें शहर. ब्रूजचा व्यापार येथें आला आणि सोळाव्या शतकांत अँटवर्प युरोपची पेढी बनलें. १५८५ सालीं स्पेनच्या सैन्यानें तें जिंकलें, तेव्हां डचांनीं नदीचें मुख अडवून धरलें. लाखाच्या घरांतली वस्ती चार वर्षांत निम्म्याहून खालीं आली, आणि कारागीर व सावकार अॅम्स्टरडॅमला गेले. नदी खुली झाली ती १७९५ सालीं, आणि तिच्यावरील डचांची जकात पैसे मोजून सोडविली ती १८६३ सालीं. ब्रूजचें पाणी निसर्गानें घेतलें, अँटवर्पचें शेजाऱ्यानें. म्हणून अँटवर्पला तें परत मिळालें.

ह्या शहरांत रूबेन्सचीं प्रचंड चित्रें आहेत, तीं पाहावींच. परंतु लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाचें तीर्थक्षेत्र म्हणजे प्लांतँ-मोरेतुस यांचा छापखाना. फ्रान्समधून आलेल्या क्रिस्तॉफ प्लांतँ यानें येथें १५५५ च्या सुमारास छपाई आरंभिली. १५७० च्या दशकांत त्याच्याकडे सोळा यंत्रें चालत होतीं. १५६८ ते १५७३ ह्या काळांत त्यानें बायबल आठ खंडांत पांच भाषांमध्यें छापलें. मुद्रितें वाचण्याच्या कामीं त्याच्या मुली लहानपणापासून मदत करीत. पुढें जांवई यान मोरेतुस यानें धंदा संभाळला. छापखान्याची वांटणी न करतां तो एकाच्या हातीं ठेवण्याची रीत त्या घराण्यानें पाळली आणि तीनशें वर्षें तो चालविला. अखेर १८७६ सालीं घर, यंत्रें, खिळे, हिशेबाच्या वह्या सगळें शहराच्या स्वाधीन केलें. वांटणीच्या भांडणांत ज्यांच्या आजोबांचे ग्रंथसंग्रह रद्दींत गेले, अशा आपल्यांतील कित्येकांना हें घर पाहून कांहीं सुचेल. जगांतील सर्वांत जुनीं म्हणून शिल्लक असलेलीं दोन मुद्रणयंत्रें तेथें आहेत. प्लांतँनें दुकान मांडलें त्याच सुमारास, १५५६ सालीं, गोव्यांत पहिला छापखाना आला. आणि फादर स्टीफन्सचें मराठी क्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. शिश्याच्या त्या खिळ्यांकडे पाहतांना हा धागा मनांत येत होता.

अँटवर्पमधील एक गोष्ट मात्र घशाखालीं उतरत नाहीं. शेल्टवर जकात घेणारा आणि न देणाराचा हात तोडणारा एक राक्षस होता. ब्राबो नांवाच्या वीरानें त्याचाच हात तोडून नदींत फेंकला, अशी येथील कथा. चौकांत त्याचा १८८७ सालचा पुतळा आहे, आणि दुकानांतून हाताच्या आकाराचीं बिस्किटें मिळतात. हा पुतळा उभा राहिल्यावर थोड्याच वर्षांत राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीच्या काँगोंत रबराच्या वसुलीसाठीं माणसांचा छळ आरंभला. तेथें पुढें खरोखरीच हात तोडले गेले, त्यांचीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं, आणि जगभर बोभाटा झाल्यावर १९०८ सालीं काँगो राजाकडून काढून घेऊन देशाकडे दिला गेला. तो रबर आणि ते हस्तिदंत ह्याच धक्क्यावर उतरत. स्वतःच्या सनदांसाठीं सातशें वर्षें भांडलेल्या लोकांच्या राजानें दुसऱ्यांना कसलीच सनद ठेवूं दिली नाहीं. आतां ह्याबद्दल त्या देशांत उघड बोललें जातें, हें चांगलें झालें. शहराचें आजचें नांव हिऱ्यांसाठीं. त्या व्यापारांत पालनपूरच्या जैन कुटुंबांचा मोठा वांटा असून उपनगरांत त्यांचें शुभ्र मंदिर आहे.

ल्यूव्हेन येथें एकच दिवस पुरतो. १४२५ सालीं स्थापन झालेल्या विद्यापीठाचें हें गांव. ऑगस्ट १९१४ मध्यें जर्मन सैन्यानें येथील ग्रंथालय पेटविलें. लाखों ग्रंथ व हस्तलिखितें जळालीं. अमेरिकन लोकांच्या देणग्यांतून नवी इमारत १९२८ सालीं उघडली. १९४० सालच्या मे महिन्यांत तीहि जळाली. पुन्हां बांधली. शत्रूनें दोनदां जाळलेल्या ह्या संग्रहाची तिसरी दुर्दशा मात्र घरच्यांनींच केली. फ्लेमिश आणि फ्रेंच भाषिकांच्या वादांत १९६८ नंतर विद्यापीठ दुभंगलें, आणि ग्रंथांची वांटणी क्रमांकांवरून झाली. विषम एकाकडे, सम दुसऱ्याकडे. एकाच ग्रंथमालेचे खंड दोन गांवांत! आगीविषयीं ऐकतांना वाईट वाटतें. हें ऐकतांना प्रथम हंसूं येतें आणि मग अधिक वाईट वाटतें.

राहिलें ईप्र. मध्ययुगांत कापडाच्या धंद्यांत हें घेंट-ब्रूजच्या बरोबरीचें होतें. १३०४ सालीं पूर्ण झालेला त्याचा कापड-बाजार शंभर मीटरांहून लांब. जवळच्या नदीनें होड्या थेट त्याच्या दाराशीं येत. आपण चौकांत उभे राहिलों म्हणजे त्या कमानींकडे, मध्यावरील घंटामनोऱ्याकडे पाहून सातशें वर्षें मागें गेल्यासारखें वाटतें. वस्तुतः समोर दिसणारी जवळजवळ प्रत्येक भिंत शंभर वर्षांच्या आंतील आहे. १९१४ ते १९१८ ह्या चार वर्षांत ईप्रच्या भोंवतालीं लढाईची आघाडी गोठून राहिली, आणि तोफांनीं शहराचा एवढा चुरा केला कीं घोड्यावर बसलेल्या माणसाला एका टोंकापासून दुसरें टोंक दिसे, असें म्हणत.

युद्ध संपल्यावर प्रश्न पडला: ह्या ढिगाऱ्याचें करावयाचें काय? १९१९ च्या आरंभीं ब्रिटिश मंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं सबंध भग्नावशेष तसेच स्मारक म्हणून राखावे अशी इच्छा दर्शविली. लाखों ब्रिटिश सैनिक ज्या भूमीवर पडले ती त्यांना पवित्र वाटली, ह्यांत नवल नाहीं. दुसरे कांहीं म्हणाले, नवीन पद्धतीचें शहर बांधा. परंतु जे परागंदा झाले होते ते गांवकरी परत येऊं लागले होते. लांकडी खोपटांतून ते राहत, आणि त्यांना आपलें घर आपल्या जागीं, पूर्वींसारखें हवें होतें. अखेर त्यांचेंच चाललें. जुन्या नकाशांवरून, चित्रांवरून रस्ता न् रस्ता पूर्ववत् मांडला. कापड-बाजाराचें काम दुसऱ्या महायुद्धानें थांबलें, पुन्हां सुरू झालें आणि १९६७ सालीं संपलें. कलेचे कांहीं जाणते ह्याला खोटें जुनेपण म्हणून नाक मुरडतात. चौकांतील बाजाराच्या दिवशीं त्या कमानींसमोर भाजी-चीज विकणाऱ्या बायांमध्यें हिंडल्यावर मला तो आक्षेप पुस्तकी वाटला. ब्रूजची भिंत जुनी आहे, पण ती जपली पाहुण्यांसाठीं. ईप्रची नवी आहे, पण ती बांधली ती घरच्यांसाठीं.

ब्रिटिशांना स्मारक मिळालें तें शहराच्या पूर्व वेशीवर. १९२७ सालीं उघडलेल्या त्या मेनिन दरवाजाच्या भिंतींवर, ज्यांचे देह ओळखतां आले नाहींत अशा चौपन्न हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें कोरलीं आहेत. त्यांत हिंदी सैनिकांचीं नांवें आहेत. ऑक्टोबर १९१४ मध्यें लाहोर डिव्हिजनच्या तुकड्या थंडीच्या कपड्यांवांचून ह्या चिखलांत उतरविल्या गेल्या. ३१ ऑक्टोबर रोजीं जवळच्या होलेबेके गांवीं १२९ व्या बलुची पलटणीच्या खुदादाद खान यानें गाजविलेल्या शौर्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हिंदी शिपायाला मिळालेला तो पहिला. एप्रिल १९१५ मध्यें जर्मनांनीं येथें प्रथम विषारी वायु सोडला, तेव्हांहि ह्याच डिव्हिजनला पुढें घातलें गेलें. आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या त्याच डिव्हिजनमध्यें होत्या. सरहद्दीपलीकडे फ्रान्समधील न्यव्ह शापेल गांवीं २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं पायदळाबरोबर लढतांना त्यांची मोठी हानि झाली. दरवाजाजवळच्या तटावर हिंदी सैनिकांसाठीं निराळें स्मारकहि आहे. ज्या राज्याला त्यांनीं निवडलें नव्हतें त्याच्यासाठीं, ज्या गांवाचें नांव त्यांना उच्चारतां येत नव्हतें तेथें ते मेले. स्वतः गोऱ्या टॉमींनाहि तें नांव साधत नसे; ते ‘वायपर्स’ म्हणत.

१९२८ पासून दररोज रात्रीं आठ वाजतां ह्या दरवाजाखालीं स्थानिक बिगुलवाले अखेरची सलामी वाजवितात. १९४० ते १९४४ ह्या जर्मन अमलांत ती बंद होती. शहर मुक्त झालें त्याच संध्याकाळीं, कांहीं भागांत गोळीबार चालूं असतांनाच, ती पुन्हां वाजली. आम्ही गेलों तेव्हां पाऊस पडत होता. शिपायांनीं दोन्ही बाजूंची वाहतूक थांबविली, कमानीखालीं गर्दी अगदीं निःशब्द झाली, आणि बिगुलांचा स्वर त्या नांवांवरून घुमून गेला. माझ्या डोळ्यांसमोरील दगडावर कित्येक सिंग आणि खान एकाखालीं एक होते. सूर थांबला. क्षणभरानें अडवून धरलेल्या मोटारी दिवे लावून दरवाजाखालून पुढें सरकल्या, सायकलवरून एक मुलगा पाठीला पिशवी लावून घाईनें घराकडे निघून गेला, आणि चौकांतील घंटा सव्वाआठांसाठीं वाजूं लागल्या.